मिसिसिपीची पऱ्हाटी, पातूरची पऱ्हाटी

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तासाभराच्या आत पातूर येतं. गावाच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा चढ सुरू होतो आणि मेडशीकडे जाणारा रस्ता घाटात शिरतो. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत काळी जमीन पसरलेली आहे. डोंगरातली कोरीव लेणी आणि शेख बाबूंचा दर्गा यांच्यामुळे हे गाव जुन्या कागदपत्रांतही भेटतं. आज सोयाबीननं बरीच वावरं व्यापली असली, तरी या भागाचं नशीब दीडशे वर्षं पऱ्हाटीच्या बोंडाला बांधलेलं होतं.

१९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत या बोंडाचा भाव निम्म्यावर आला. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेतल्या मिसिसिपी, अलाबामा, टेक्सस या राज्यांतही कापूस मातीमोल झाला. तिथल्या शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज होतं, इथल्याच्याही होतं. तिथे गहाण जमिनींचे लिलाव निघाले, इथेही निघाले. पण पुढच्या दहा वर्षांत दोन्हीकडच्या सरकारांनी जे केलं त्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. अमेरिका श्रीमंत आणि आपण गरीब, एवढ्यावर हे अंतर उलगडत नाही. सरकार कुणाला जाब देतं, हा त्यातला खरा प्रश्न आहे. महामंदी आणि दुसरं महायुद्ध यांचा अमेरिकी इतिहास वऱ्हाडातल्या माणसानं वाचायचा तो या प्रश्नासाठी.

नातं जुनं आहे

वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिका यांची गाठ १८६१ साली पडली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. इंग्लंडच्या कापसापैकी पाऊण हिश्शाहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. निजामाकडून १८५३ सालीच हा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला होता. भाव चढले, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी खास फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. उमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला परदेशी बाजारात ‘उमरा’ हे नाव पडलं.

१८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव उतरले. पण शेतकरी आता बाजारासाठी पिकवू लागला होता. शेतसारा रोख भरायचा, सावकाराचं व्याज रोख द्यायचं, कपडा-मीठ रोख घ्यायचं. पातूरचा माणूस बैलबंडीत कापूस भरून अकोल्याच्या बाजारात जात असे आणि तिथला भाव लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या तारेवर ठरत असे. बाजारातल्या लुटीला आळा घालण्याचे पहिले प्रयत्नही इथलेच. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ या कायद्यात आहे. पण तो वजनकाटा सरळ करू शकत होता, भाव सरळ करणं त्याच्या हातात नव्हतं.

दोन्हीकडे एकच पडझड

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. नंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकेतल्या सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या आणि १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. शेतीतलं संकट तर त्याहून जुनं होतं. पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे आणि कापसाचे भाव पडतच होते. १९२९ ला पौंडाला सुमारे सोळा-सतरा सेंट मिळवणारा अमेरिकी कापूस १९३१-३२ मध्ये सहा सेंटांच्या आसपास आला. त्यात १९३१ चं पीक एक कोटी सत्तर लाख गाठींचं. गोदामं तुडुंब आणि गिऱ्हाईक नाही, अशी गत झाली.

या ढिगाऱ्याचा भार वऱ्हाडावर पडला. आपला आखूड धाग्याचा कापूस मुख्यतः जपान आणि युरोपातल्या गिरण्या घेत. अमेरिकी कापूस लांब धाग्याचा. तोच स्वस्त मिळू लागल्यावर जपानी गिरण्यांनी ‘उमरा’ कशाला घ्यावा? त्यात १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटिशेतर कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर नेली आणि उत्तरादाखल जपाननं हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. लँकेशायरच्या कापडाला संरक्षण मिळालं, त्याची किंमत मात्र वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं मोजली. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपाननं वर्षाला दहा लाख गाठी घ्यायच्या आणि त्या बदल्यात साडेबत्तीस कोटी यार्ड कापड हिंदुस्थानात विकायचं, असा तो व्यवहार होता.

दुसरा घाव रुपयाच्या दराचा होता आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९२७ मध्ये सरकारनं रुपया अठरा पेन्सांना बांधला. पुरुषोत्तमदास ठाकूरदास आणि इतर हिंदी व्यापारी सोळा पेन्सांचा आग्रह धरत होते. फरक दोन पेन्सांचा, पण हिशेब करून पाहा. सोळा पेन्सांच्या दरानं परदेशात एका पौंडाला विकलेल्या कापसाचे पंधरा रुपये हाती आले असते. अठरा पेन्सांच्या दरानं तेरा रुपये पाच आणे चार पै. भाव पडण्याआधीच शेतकऱ्याच्या पदरातून असा नववा हिस्सा कापला गेला होता. मंदीत जगातल्या एकेक देशानं आपलं चलन स्वस्त केलं. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडनंही सोन्याशी असलेली पौंडाची गाठ सोडली. रुपया मात्र अठरा पेन्सांवर पौंडाला जखडलेलाच राहिला, कारण लंडनला पाठवायचा वार्षिक खर्च आणि ब्रिटिश कर्जाचं व्याज या दरात सरकारला स्वस्त पडत होतं.

शेतसारा रुपयात ठरलेला होता, कर्जाचा आकडाही. भाव निम्मा झाला म्हणजे तोच सारा भरायला दुप्पट कापूस विकावा लागे. पौंड घसरल्यावर सोन्याचा भाव रुपयात वाढला आणि घराघरांतलं किडूकमिडूक बाजारात आलं. गळ्यातलं आणि नाकातलं वितळवून मुंबईच्या बंदरातून बाहेर गेलं. १९३१ नंतरच्या काही वर्षांत देशातून गेलेलं सोनं कोट्यवधी रुपयांचं होतं. सरकारला त्यात रुपयाचा दर टिकवण्याची सोय दिसली. ज्या बाईनं पाटल्या उतरवल्या, तिला घरातला शेवटचा आधार जाताना दिसला.

वॉशिंग्टन हलतं

अमेरिकेतही पहिली तीन वर्षं सरकार चाचपडतच होतं. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी १९२९ मध्ये शेती मंडळ नेमून पन्नास कोटी डॉलर दिले. मंडळानं कापूस आणि गहू विकत घेऊन साठवला. पण लागवड कमी करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसल्यानं पीक येतच राहिलं आणि पैसा संपला. १९३१ मध्ये या मंडळानं शेतकऱ्यांना दर तिसरी ओळ नांगरून टाकण्याची नुसती विनंती केली. ती कुणीही ऐकली नाही.

शेतकऱ्यांनी मग आपल्या पद्धतीनं उत्तर दिलं. गहाण जमिनीचा लिलाव पुकारला की शेजारपाजारचे शेकडो लोक जमत. बोली काही सेंटांची होई, जास्त बोलणाऱ्याला गप्प बसवलं जाई आणि विकत घेतलेली चीजवस्तू मूळ मालकाला परत दिली जाई. एप्रिल १९३३ मध्ये आयोवा राज्यातल्या ले मार्स गावी जमावानं न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून बाहेर काढलं आणि गळ्यात दोर घालेपर्यंत मजल गेली. राज्याला फौज बोलवावी लागली.

त्याआधी ४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सूत्रं हाती घेतली होती. दोन दिवसांत त्यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या, तपासणी करून सुदृढ बँका उघडल्या आणि १२ मार्चला रेडिओवरून साध्या भाषेत लोकांना सांगितलं की पैसा बँकेत ठेवायला आता हरकत नाही. लोकांनी विश्वास ठेवला. एप्रिलमध्ये लोकांकडचं सोनं सरकारनं आदेशानं जमा करून घेतलं आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा दर औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. डॉलर स्वस्त झाला तर शेतमालाचे भाव चढतील, हा त्यामागचा एक हिशेब होता. चलनाचा दर शेतकऱ्याच्या बाजूनं कसा वळवता येतो हे तिथे दिसलं, आणि आपल्याकडे तोच दर उलट्या बाजूनं वापरला जात होता.

शेतीखात्याचे मंत्री हेन्री वॉलेस हे आयोवाचे, संकरित मक्याचा प्रसार करणारे. १२ मे १९३३ ला शेतीचा मोठा कायदा झाला तेव्हा कापूस रानात उभा होता. सरकारनं शेतकऱ्यांशी करार केले. उभ्या पिकातला ठरावीक भाग नांगरून टाका, भरपाई सरकार देईल. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकर कापूस मातीत गाडला गेला. ओळीत पाय पडू नये असं वर्षानुवर्षं शिकवलेली खेचरं पिकावरून चालेनात, असं त्या वेळच्या वार्ताहरांनी लिहून ठेवलं आहे. देशात लोक उघडे असताना कापूस गाडावा आणि लोक उपाशी असताना साठ लाख डुकरं मारावीत, याचा अनेकांना संताप आला, आणि तो रास्त होता. पण भाव सावरला. १९३२ ला साडेसहा सेंट होता तो पुढच्या हंगामात दहाच्या घरात गेला.

ऑक्टोबर १९३३ मध्ये याहून टिकाऊ व्यवस्था आली. सरकारी महामंडळ शेतकऱ्याला पौंडामागे दहा सेंट उचल देई आणि कापूस तारण ठेवून घेई. भाव वर गेला तर शेतकऱ्यानं कर्ज फेडून माल सोडवायचा आणि विकायचा. भाव खालीच राहिला तर कापूस सरकारचा आणि कर्ज फिटलं. शेतकऱ्याच्या हाती किमान दहा सेंट पक्के. आपण आज ज्याला हमीभाव म्हणतो, त्याचं हे एक जुनं रूप.

त्याच्या जोडीला गहाण कर्जांची फेररचना झाली, मुदती लांबल्या, व्याज उतरलं. १९३५ मध्ये ग्रामीण वीजपुरवठ्याची यंत्रणा उभी राहिली. तेव्हा दहांतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरीच वीज होती, वीसेक वर्षांत ती जवळजवळ सगळीकडे पोचली. बेकारांना रस्ते, शाळा, पूल बांधायचं काम देणाऱ्या सरकारी योजनेत आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसं राबली. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेतीचा पहिला कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा सरकारनं जमिनीची धूप थांबवण्याच्या नावानं नवा कायदा आणला आणि १९३८ मध्ये पूर्ण नवी चौकट बसवली. न्यायालयानं दार लावलं की सरकार दुसरं दार शोधत होतं, कारण दर दोन वर्षांनी लोकांपुढे मतं मागायला जायचं होतं.

ज्यांना मत नव्हतं

पण हेच मताचं गणित उलटं करूनही वाचलं पाहिजे. दक्षिणेत कापूस प्रत्यक्ष पिकवणारे लाखो लोक दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं राबत. त्यात कृष्णवर्णीय फार होते आणि गोरे गरीबही होते. नांगरून टाकलेल्या पिकाचा मोबदला करारानुसार मालकाच्या हाती जाई. त्यानं कुळाला वाटा द्यायचा, असा नियम होता. अनेक मालकांनी तो जुन्या उसनवारीत वळता करून घेतला. लागवडच घटली म्हटल्यावर कुळांची गरज संपली आणि त्यांना झोपड्यांतून काढून लावलं.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोंझा इथे गोऱ्या आणि काळ्या कुळांनी मिळून दक्षिणी कूळ शेतकरी संघ काढला. त्यांच्या सभा मोडल्या गेल्या, कार्यकर्त्यांना मारहाण झाली. शेतीखात्यातले काही तरुण वकील कुळांच्या बाजूनं नियम लावू पाहत होते, त्यांना १९३५ मध्ये नोकरीवरून काढण्यात आलं. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं म्हातारपणाचं निवृत्तिवेतन दिलं, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेतले कृष्णवर्णीय मुख्यतः हीच दोन कामं करत. मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा अशा अडथळ्यांनी त्यांना मतपेटीपासून दूर ठेवलेलं होतं, आणि त्यांच्यावर राज्य करणारे गोरे पुढारी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, महत्त्वाच्या समित्यांवर बसलेले होते. रूझवेल्ट यांना कायदे मंजूर करून घ्यायला तीच मतं लागत. ज्याचं मत, त्याची मदत. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत ही कोंडी फुटली नाही.

नागपूरच्या सभागृहात

आता आपल्याकडे पाहू. पातूर तेव्हा अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यात होतं. वऱ्हाड नावापुरतं निजामाचं, कारभारानं मध्यप्रांताला जोडलेलं आणि राजधानी नागपूर. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांना अर्धीमुर्धी सत्ता मिळाली होती. शेती आणि शिक्षण ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, तर तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या हाती. चलन, जकात आणि रेल्वे हे दिल्ली-लंडनचे विषय. आणि मतदानाचा हक्क मूठभरांना.

या तोकड्या सत्तेत काय करता येतं ते पंजाबराव देशमुख यांनी दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म. एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन ते १९२६ ला परतले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी झालेल्या लढ्यात ते पुढे होते आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० ते १९३३ ते प्रांताचे मंत्री होते. मंदीची सगळ्यात वाईट वर्षं हीच.

त्या काळात सावकारी पाशाविरुद्ध जो आवाज उठला त्यातून १९३३ चा कर्जलवाद कायदा आला. देशातला या धर्तीचा हा पहिला प्रयत्न. त्याचं काम असं चाले: कर्जबाजारी शेतकऱ्यानं किंवा सावकारानं लवाद मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळ दोघांना समोरासमोर बसवून कागदपत्रं तपासे, मुद्दल किती आणि वाढलेलं व्याज किती ते वेगळं काढी, शेतकऱ्याची ऐपत पाहून रक्कम कमी करी आणि हप्ते बांधून देई. पुरेशा धनकोंनी तडजोड मान्य केली की तिची रीतसर नोंद होई. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराला पुढे कोर्टात व्याज आणि खर्च मिळवणं अवघड होई. १९३४ मध्ये सावकारीवर कायदा आला, तर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात ऋणमुक्तीचा कायदा झाला.

ही पावलं लहान होती, पण ती कुठून आली ते पाहा. सरकारच्या ज्या कोपऱ्यात निवडून आलेली माणसं होती, त्याच कोपऱ्यातून ती आली. सक्तीचा पूर्ण अधिकार नाही, कर्ज फेडायला शेतकऱ्याला स्वस्त पैसा देण्याची ताकद नाही, रुपयाच्या दराला हात लावायची मुभा नाही. अमेरिकी सरकारनं गहाण कर्ज स्वतःच्या अंगावर घेऊन मुदत वाढवली. नागपूरचं मंडळ जास्तीत जास्त सावकाराला चार आणे सोडायला लावू शकत होतं. भाव पडलेलाच राहिल्यानं बांधून दिलेले हप्तेही अनेकांना झेपले नाहीत.

लोकांनी रस्त्यावरही उत्तर दिलं होतं. १९३० मध्ये अकोल्याजवळच्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला. त्याच वर्षी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. मीठ, गवत, लाकूडफाटा यांवरचे निर्बंध मंदीत सापडलेल्या घराला किती बोचत होते, हे या लढ्यांच्या प्रसारावरून समजतं.

युद्ध: एकाला विचारून, एकाला न विचारता

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. लोकांनी निवडून दिलेल्या कुणालाही विचारलं नाही. निषेध म्हणून काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, त्यात नागपूरचं रविशंकर शुक्लांचंही होतं. वऱ्हाडचा कारभार पुन्हा गव्हर्नरच्या हाती गेला. अमेरिकेत ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या संसदेनं मतदान करून युद्ध पुकारलं. विरोधात एकच मत पडलं, जेनेट रँकिन यांचं, आणि तेही मोजलं गेलं.

जपान युद्धात उतरला आणि वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झालं. अमेरिकेत मात्र युद्धानं मंदी संपवली. १९४४ मध्ये बेकारी सव्वा टक्क्यावर आली. कारखान्यांत लाखो बायका रुजू झाल्या. भाव आवरण्यासाठी स्वतंत्र कार्यालय होतं आणि साखर, मांस, पेट्रोल यांची शिधापत्रकं घरोघर गेली. कृष्णवर्णीय कामगारांचे नेते फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिल्यावर जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी संरक्षण कारखान्यांतल्या भरतीत भेदभाव करायला मनाई केली. १९४४ च्या कायद्यानं परत आलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी कर्ज मिळालं आणि त्यातून एक मोठा मध्यमवर्ग उभा राहिला. दुसरीकडे फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानं जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना छावण्यांत कोंडलं. त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकी नागरिक होते.

आपल्याकडे युद्धाचा खर्च भागवायला नोटा छापल्या गेल्या. सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहापटीच्या वर गेल्या. हिंदुस्थाननं ब्रिटनला माल आणि सेवा पुरवायच्या, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडाच्या खात्यावर जमा व्हायचे आणि इथे त्यांच्या जोरावर नोटा निघायच्या, अशी ती व्यवस्था होती. त्यातून महागाई पेटली. रॉकेल, साखर, कापड यांच्यासाठी रांगा लागल्या, काळाबाजार हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. कापूस पिकवणाऱ्या मुलखात अंगावर धड कापड मिळेना. बंगालमध्ये १९४३ ला लाखो माणसं उपासमारीनं मेली.

ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. आपलं सरकार निवडण्याचा हक्क सगळ्या लोकांना आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. महिन्याभरातच चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केलं की हे हिंदुस्थानला लागू नाही. पुढच्या ऑगस्टात ‘छोडो भारत’ चळवळीत वऱ्हाडनं त्यावर आपलं मत दिलं. अमरावती जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या यावली गावात लोकांनी बलिदान दिलं, महाराजांना तुरुंगात टाकलं गेलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेलेल्या बापूजी अण्यांनीही फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा दिला.

पुढे काय उरलं

१९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या निग्रो समाजाच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. मदतीच्या योजना वगळलेल्या माणसापर्यंत आपोआप पोचत नाहीत, हे दोघांनीही आयुष्यभर पाहिलं होतं. चार वर्षांनी आपली घटना लागू झाली आणि तिनं प्रौढ माणसाला, मग तो जमीनदार असो की सालदार, एकेक मत दिलं. अमेरिकेच्या दक्षिणेत हे प्रत्यक्षात यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

त्या मतानं आपल्याकडेही काम केलं. पंजाबराव १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या पुढाकारानं दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाला डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आले. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ झालं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. रूझवेल्टच्या रोजगार योजना संकटापुरत्या होत्या, महाराष्ट्रानं काम मिळण्याला हक्काचं रूप दिलं. हा आपला मोठा वाटा आहे आणि तो अभिमानानं सांगितला पाहिजे. १९७२ पासूनच कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि सुमारे तीन दशकं पांढऱ्या सोन्याला सरकारी भावाचा आधार मिळाला. पुढे ती तोट्यात रुतली आणि बाजार खुला झाला.

अमेरिकेत १९३३ ला सुरू झालेला आधार आजही वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तिथल्या कापूस अनुदानामुळे जगाचे भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत केली, ती जिंकली आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं तीस कोटी डॉलर देऊन ती मिटवली. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं भारतीय मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारनं आयात कापसावरचा अकरा टक्के कर तात्पुरता उठवला. कापड गिरण्यांना दिलासा मिळाला. वेचणीच्या तोंडावर वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. १९३३ च्या जपानी बहिष्काराची ज्याला माहिती आहे, त्याला यातला धागा ओळखता येईल.

मध्यम धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला आणि सरकारी खरेदीच्या नोंदणीसाठी जमिनीची कागदपत्रं लागू लागली. इथे मला टायरोंझाची कुळं आठवतात. आमच्या भागात ठोक्यानं आणि बटाईनं वावर करणारे कितीतरी आहेत. बी-बियाणं त्यांचं, फवारणी त्यांची, बोंडअळीचा फटका त्यांचा आणि सातबारा दुसऱ्याचा. पीकविमा, कर्जमाफी, अनुदान यांची वाट सातबाऱ्यावरून जाते. वेचणीच्या बाईचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर वावर करणाऱ्या कितीतरी बायकांच्या नावावर जमीन चढायलाच वर्षं जातात. मत या सगळ्यांना आहे. ते मत एकत्र आलं, तर बटाईदाराची नोंद, सातबाऱ्यावर बाईचं नाव आणि कापूस घरात येण्याआधी ठरलेला भाव, या तीन मागण्या कुठल्याही पक्षाला टाळता येणार नाहीत. रूझवेल्टच्या अमेरिकेनं मालकाला वाचवलं आणि राबणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं. आपली घटना त्याच्या पुढे गेलेली आहे. आपले कायदेही तिच्या बरोबरीला यावेत, यासाठी येत्या प्रत्येक निवडणुकीत पातूरच्या चौकात उमेदवाराला या तीन मागण्यांचा प्रश्न विचारला गेला पाहिजे.